बागेला जनसंपर्क अधिकारी कशासाठी?

साताऱ्यात राजवाड्यावर फिरायला गेले की कुणीतरी हटकून विचारते, "फुले आपोआप उमलतात, लोक आपोआप येतात, मग बागेत जनसंपर्क अधिकारी करतो तरी काय?" एका सार्वजनिक वनस्पती उद्यानात अठरा वर्षे हेच काम केल्यानंतर आता साताऱ्यात परतले आहे, तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पत्रके काढणे, शाळांच्या सहली ठरवणे, पाहुण्यांना फिरवणे हे कुठेही असते. वनस्पती उद्यानाची अडचण वेगळी आहे. तिथले प्रत्येक झाड कुठून आणले, कधी लावले याची नोंद ठेवलेली असते आणि त्या नोंदीसाठीच ते जपले जाते. येणाऱ्याला मात्र हिरवळ, बाक आणि फोटोपुरती फुले हवी असतात. या दोघांच्या मध्ये उभे राहणे, हीच माझी नोकरी होती.

ती मी नीट शिकले एका चुकीमुळे. आमच्याकडे टोपली कारवीची तीन झुडपे होती. ही कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. तिला कळ्या दिसताच मी उत्साहाच्या भरात "सात वर्षांनी कारवी बहरली" असे पत्रक धाडले आणि वर्तमानपत्रांनी त्याला साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या बहराचा फोटो जोडला. रविवारी फाटकाबाहेर रांग लागली. कोरेगावहून नातवंडांना घेऊन एसटीने आलेले एक आजोबा त्या तीन झुडपांकडे आणि मिटलेल्या कळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढंच का?"

मला उत्तर सुचेना, म्हणून मी त्यांना जांभ्या दगडाच्या ओल्या वाफ्याकडे नेले आणि नातवाच्या हाती भिंग दिले. तिथे सीतेची आसवं फुलली होती. बोटाच्या पेराहून लहान, निळसर जांभळी. चिखलातला एक धागा हलकेच उचलून त्यावरचे इवलेसे फुगे मी त्याला दाखवले. जवळून जाणारा सूक्ष्म जीव धक्का लागताच पाण्यासकट त्या फुग्यात ओढला जातो आणि तिथेच पचवला जातो. पोराने भिंग न हलवता विचारले, "म्हणजे सीतेची आसवं किडे खातात?" आजोबा तिथेच उकिडवे बसले. कारवीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर पत्रकात कळ्यांना कळ्याच लिहू लागले. वरिष्ठांना ते पाणचट वाटे, कारण त्यांच्या अहवालात तिकिटांचा आकडा लागे. खरे तर गर्दी आवरणे हासुद्धा जनसंपर्कच आहे, हे सातारकरांना वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि पुढे तिथे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. "आज येऊ नका" हे वाक्य कुणाला न दुखावता सांगणे पत्रक लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

या कामाला वनस्पतीशास्त्राची पदवी लागते का, असेही तरुण मुले विचारतात. माझ्याकडे पत्रकारितेची होती. नावे मी माळ्यांकडून शिकले. वायतुरा या रानफुलाच्या शास्त्रीय नावात 'सातारेन्सिस' आहे, हे ज्या माळीदादांनी मला दाखवले, ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले होते.

सप्टेंबर लागला की ओळखीच्यांचे फोन अजूनही येतात, कासला काय फुलले म्हणून. वरून नुकत्याच आलेल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही.