पसरणी घाटात बसलेलं ब्रेक पेडल

वाईत गॅरेज आहे म्हटल्यावर मे महिन्यात पसरणी घाटातून फोन येणार हे ठरलेलंच. पाचगणीहून वाईला येताना दहा-बारा किलोमीटरमध्ये रस्ता पाचशे मीटरच्या वर खाली उतरतो, वळणामागून वळण, पुढे टुरिस्टच्या गाड्यांची रांग, मग काय, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून निघतच नाही.

त्या रविवारी दुपारी फोन आला तो माणूस इतका घाबरलेला की धड बोलता येईना. ब्रेक लागत नाहीयेत, गाडी डोंगराला टेकवून उभी केलीय, सोबत लहान पोरं आहेत, एवढंच कळलं. जॅक, पाने घेतले आणि बाईकला किक मारली.

पुण्याची हॅचबॅक होती. पुढच्या चाकांमधून धूर आणि तो जळका वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. शेजारी थांबलेले एक काका बाटलीतलं पाणी चाकावर ओतायच्या तयारीत, त्यांना आधी ओरडून थांबवलं, कारण एवढ्या तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर, गार पाणी पडलं तर ती वाकडी होते नाहीतर तडकते. पोरांना आणि आजींना कठड्याजवळ सावलीत बसवलं. मालकाने सांगितलं की चौथ्या गिअरमध्ये उतरत होतो, पेडल आधी स्पंजसारखं मऊ लागलं आणि मग एकदम खाली बसलं, शेवटी सेकंड टाकून हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराकडे घेतली. शाबासकी द्यावी असंच काम केलं होतं त्यांनी. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑईलवर नाही, म्हणून तो वाचवतो.

अर्धा-पाऊण तास गाडी गार होऊ दिली आणि पेडल दाबून बघितलं तर परत कडक! मालक खूश, "झालं की दादा नीट, आम्ही हळूहळू जातो खाली." मला त्या दिवसातली सगळ्यात जास्त भीती वाटली ती याच वाक्याची. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, नवीन डॉट ३ ऑईल (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) साधारण २०५ डिग्रीच्या पुढे उकळतं पण पाणी मुरलेलं जुनं ऑईल १४० च्या आसपासच उकळू शकतं, उकळलं की लाईनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं परत ऑईल, पेडल कडक, पण पुढच्या चार वळणांत परत तेच होणार.

तोंडाने सांगून पटेना म्हणून तिथेच जॅक लावून डावं चाक काढलं. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन पॅड असतात, त्यातल्या आतल्या पॅडचं लायनर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, पूर्ण संपलेलं, नुसता पत्रा डिस्कला घासत होता, डिस्कवर नख अडकेल एवढ्या खोल चरा. लायनर असतं तोपर्यंत ते उष्णता थोडी अडवतं, इथे ती सरळ पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवरून ऑईलपर्यंत जात होती. नवीन पॅडवर दहा-बारा मिलीमीटर लायनर असतं, तीनवर आलं की बदलायचंच.

विचारलं, आवाज येत नव्हता? तर म्हणाले, मागे ब्रेक मारला की किंचाळल्यासारखं यायचं, नंतर आपोआप बंद झालं. ती पॅडवरची छोटी पट्टी असते, पॅड संपत आलं की डिस्कला घासून ओरडायलाच ठेवलेली, ती झिजून नाहीतर मोडून गेली असणार. त्यानंतरची खरखर त्यांना रस्त्याची वाटली. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवापण लागला होता, कुठल्यातरी गॅरेजवाल्याने ब्रेक ऑईल टॉपअप करून तो घालवला. मला याचा फार राग येतो. पॅड झिजलं की पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑईलच्या टाकीतली लेव्हल उतरते, म्हणजे दिवा सांगत होता की पॅड बघा (नाहीतर कुठेतरी लीक आहे), आणि याने चाक न खोलता फक्त ऑईल ओतलं.

मालक तरीही घड्याळ बघत होते, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. आजी मात्र उठून आल्या, तो पत्रा झालेला पॅड हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि लेकाला म्हणाल्या, "गाडी इथंच राहू दे, आपण एसटीने जाऊ." विषय संपला.

टोइंगने गाडी खाली आणली. दोन्ही डिस्क, पॅड बदलले, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एका बाजूची पिन जाम होती ती साफ करून ग्रीस लावलं, आतलाच पॅड जास्त का खाल्ला ते तिथे कळलं. जुनं ऑईल काळ्या चहासारखं निघालं, सगळं काढून नवीन भरलं, चारही चाकांच्या ब्रेक लाईनमधली हवा काढली. मालक गाडी न्यायला आले तेव्हा मोबाईलचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड कसा बघायचा ते दाखवलं, आतला बघायला मात्र चाक काढावंच लागतं. सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक जोरात मारू नका, पॅड बसू द्या, आणि घाटात जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला ठेवा, हेही सांगितलं. त्यांनी सगळं मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं आणि भावाची गाडीपण पुढच्या आठवड्यात चेक करायला आणतो म्हणाले.