‘खातेदाराने स्वतः बोलावे’: वाचाघातानंतर संगणक शिकण्याचा आमचा अनुभव

वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन शब्द सुचणे आणि बोलणे अवघड झालेल्या माणसाला संगणक शिकवणे फार अवघड असेल असे आम्हाला वाटले होते, पण ते तसे नव्हते. अवघड गेले ते शिकलेले वापरू देण्यासाठी एका बँकेला राजी करणे. इंदूरमधली आणखी काही मराठी कुटुंबे याच वाटेवर असतील, त्यांचा वेळ वाचावा म्हणून, आणि त्या बँकेबद्दलचा माझा संताप अजून ओसरलेला नाही म्हणूनही, हे लिहीत आहे.

माझे यजमान निवृत्त लेखापाल आहेत. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन त्यांना पक्षाघात झाला, त्यात उजवा हात निकामी झाला आणि वाचाही गेली. पक्षाघातातून वाचलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो, तरीही त्याचे नाव आम्ही रुग्णालयात पहिल्यांदाच ऐकले. यजमानांना समोरच्याचे बोलणे सावकाश सांगितले तर कळते, हिशेब पूर्वीसारखाच येतो, पण मनातला शब्द ओठांवर येत नाही, आणि ‘पाच’ म्हणायचे असताना ‘आठ’ बाहेर पडते. चुकीचा आकडा बोलला गेला हे त्यांना त्याच क्षणी कळते आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त त्रास होतो.

रामबागेतल्या एका घराच्या तळमजल्यावर चालणारा वर्ग आम्हाला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सुचवला. तो दिव्यांग व्यक्तीच चालवतात. मुख्य शिक्षक पूर्णपणे अंध आहेत, आणि त्यांच्या जोडीला शिकवणारे काका स्वतः पक्षाघातातून उठलेले असून आजही तुटक बोलतात. प्रवेशासाठी त्यांनी कोणताही दाखला मागितला नाही. एकच अट होती, की नातेवाईकांनी बाहेरच्या खोलीत बसावे. पहिल्या दिवशी मला ती अट कठोर वाटली, परंतु दाराआडून ऐकताना लक्षात आले की त्या खोलीत कोणीही कोणाचे वाक्य पुरे करून देत नाही. शब्द यायला जितका वेळ लागेल तितका वेळ सगळे थांबतात. असे थांबणे मी एवढ्या काळात कोणत्याही दवाखान्यात पाहिले नव्हते.

शिकवण्याची पद्धत मला फार विचारपूर्वक आखलेली वाटली. इंग्रजी अक्षरांनी मराठी टंकित करायला त्यांनी मुळीच लावले नाही, कारण मराठी शब्द आठवून पुन्हा त्याची इंग्रजी अक्षरे जुळवणे हे वाचाघातात दुहेरी ओझे होते. त्याऐवजी इनस्क्रिप्ट कळफलक शिकवला, ज्यात स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजने उजवीकडे असतात आणि दिसते ते अक्षर थेट दाबता येते. कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी ‘स्टिकी कीज’ सुरू केल्या. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की ही सोय समोर येते आणि मग दोन कळा एकदम धरून ठेवाव्या लागत नाहीत. वाचताना ओळ सुटू नये म्हणून एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम वापरला. तो मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात अंधांसाठी लिहायला सुरुवात केली होती. आमच्या शिक्षकांचे सगळे काम त्यावरच चालते, आणि डोळ्यांनी वाचता वाचता कानांनीही ऐकल्याने यजमानांना मजकूर बराच सोपा जातो. डाव्या मेंदूच्या आघाताने काहींची उजवीकडची दृष्टीही कमी होते. तशा विद्यार्थ्यांना खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्यात आणायला शिकवतात.

यजमानांना स्वतःचे निवृत्तिवेतनाचे खाते स्वतः पाहायचे होते. वर्गात सराव झाला, आकडे बोलण्याऐवजी पाहून जुळवण्याची सवय झाली, आणि इथून पुढे सगळे अडले. बराच काळ न वापरल्यामुळे त्यांची नेट बँकिंगची सोय बंद झालेली होती. शाखेत गेलो, तर ग्राहक सेवा केंद्राला फोन करा असे सांगण्यात आले. फोनवर आधी आकडे दाबण्याची लांबलचक यादी ऐकावी लागली, जी संपेपर्यंत तिची सुरुवात यजमानांच्या लक्षात राहात नसे, आणि शेवटी माणूस बोलायला आला की तो नाव, जन्मतारीख आणि शेवटचा व्यवहार तोंडी सांगायला लावत असे. मी मध्ये बोलले की “सर खुद बात करें” असे उत्तर मिळे. हे सुरक्षेसाठी आवश्यक आहे हे मला मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की तोंडी उत्तराखेरीज ओळख पटवण्याचा दुसरा मार्गच त्यांनी ठेवलेला नव्हता. यजमान जन्मसाल सांगू लागत, चुकीचा आकडा निघे, ते दुरुस्त करू पाहात आणि तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला जाई.

पुन्हा शाखेत गेल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी यजमानांकडे न पाहता मला विचारले, “अंकलजी समझते तो हैं ना?” आणि मग न्यायालयातून पालकत्वाचा कागद आणण्याचा सल्ला दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका शोधलेला माणूस समोर बसला होता आणि त्याच्या देखत त्याला अजाण ठरवले जात होते. त्यांनी टेबलावर हात आपटून “नाही” म्हटले. तो शब्द स्पष्ट निघाला.

या टप्प्यावर वर्गातल्या दोन्ही शिक्षकांनी केलेली मदत मी विसरणार नाही. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ या कायद्यात वाचाघाताचा उल्लेख ‘वाणी आणि भाषा दिव्यांगता’ या सदरात आहे, आणि त्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा इतरांसारखाच हक्क आहे, हे त्यांनी आम्हाला दाखवले. त्यानंतर यजमानांनी अर्ज स्वतः टंकित केला. वाक्ये चारपाच शब्दांची होती आणि त्याला बऱ्याच बैठका लागल्या, पण मी त्यात एक अक्षरही घातले नाही. सोबत वाचा-उपचार तज्ज्ञांचे पत्र जोडले, ज्यात आकलन शाबूत असून उत्तरे लिहून किंवा बोट दाखवून घ्यावीत असे नमूद केले होते. हे पत्र पहिल्याच दिवशी सोबत न्यावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्यावा, कारण तोवर आमच्या तोंडी विनंत्यांची कुठेही नोंद झालेली नव्हती.

शिक्का असलेल्या अर्जामुळे प्रकरण शाखा व्यवस्थापकांपर्यंत गेले. त्यांनी कागदावर तीन जन्मतारखा लिहिल्या, यजमानांनी योग्य तारखेवर बोट ठेवले. शेवटचे व्यवहार पासबुकात दाखवले. छायाचित्र आणि आधार पडताळले. जे काम फोनवर अशक्य होते ते चहा थंड होण्याआधी आटोपले. सोय त्याच आठवड्यात सुरू झाली. नवा पासवर्ड यजमानांनी स्वतः ठरवला आणि तो मला ठाऊक नाही, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

काही गोष्टी आता आठवल्या म्हणून सांगते. ओटीपी येतो तेव्हा फोन डाव्या हाताशी ठेवावा आणि एकेक आकडा पाहून कळ दाबावी, मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरू नये. चित्रातली अक्षरे ओळखण्याची वेळ आली तर बाकीची अक्षरे कार्डाने झाकून घ्यावीत. सही बदलली असेल तर घाबरू नये. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे, त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचनाही २०१७ पासून आहेत, परंतु त्या आपण होऊन कोणी सांगत नाही, त्यामुळे लेखी मागाव्या. लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. आमची फोनच्या पद्धतीविरुद्धची तक्रार यजमान सध्या वर्गात टंकित करत आहेत, आणि त्यांच्या सोबतच्या आणखी एका विद्यार्थ्याने तिची प्रत स्वतःच्या बँकेसाठी मागून घेतली आहे.