पैसे घेईनात की ओ!

वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, दिवशी कोलंबो बघायला जाऊ नका, हे सांगायला लिहायला बसले. आता सांगावं की नको, तेच कळेना झालंय.

मे महिन्यात स्वस्त पडतंय एवढं ऐकून आम्ही टूरवाल्याकडे पैसे भरले. वैशाखी पौर्णिमेला श्रीलंकेत दोन दिवस सुट्टी असते, दारूची आणि मटणाची विक्री बंद असते, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बेळगावहून रात्रभर बसनं बंगळूर, तिथून विमानानं जेमतेम दीड तास. परदेश जवळ आणि आपली राजधानी लांब, अशी आमची गत. (कुठली राजधानी, हा वाद बसमध्ये झालाच.) पहिले तीन दिवस कँडी शहर आणि चहाचे मळे. छान होतं, घाटात काकूला बस लागली.

चौथा दिवस कोलंबोचा आणि तोच नेमका वेसाकचा. काकूनं पेट्ट्यातल्या साड्यांचा बेत बेळगावच्या शहापुरातच पक्का केला होता. पेट्टा म्हणजे तिथली बाजारपेठ, नावातच पेठ आहे. बघावं तर बहुतेक शटरं खाली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी मशीद तेवढी बसच्या काचेतून दिसली. गंगारामय विहारात इतकी गर्दी की चपला सांभाळू की मूर्ती बघू, अशी अवस्था. तिथं जुन्या मोटारी, पेंढा भरलेला हत्ती आणि कुणीकुणी अर्पण केलेल्या वस्तूंचा ढीग आहे. खरं सांगते, मला ते विहार कमी आणि वाड्यातली अडगळीची खोली जास्त वाटलं. बैरा तलावातलं सीमा मालक हे ध्यानमंदिर मात्र आवडलं. जेफ्री बावा या वास्तुकारानं पाण्यावर बांधलेलं, मोकळं, शांत. तिथं गाईडनं आम्हाला बसू दिलं दहा मिनिटं.

संध्याकाळी बस अडकली ती अडकलीच. रस्त्याच्या कडेला तोरण उभं होतं. तोरण म्हणजे दारावरचं नव्हे. चार मजली उंच लाकडी चौकट, तिच्यावर जातककथेची चित्रं, भोवती हजारो रंगीत दिवे पळतायत आणि कर्ण्यावरून कथा गाऊन सांगतायत. आमच्या गणपतीतल्या देखाव्यांचा थोरला भाऊ म्हणा. माणसं पांढऱ्या कपड्यांत, पोरं खांद्यावर, ढकलाढकली नाही. घरोघरी कागदी आकाशकंदील. मे महिन्यात दिवाळी बघून काकूचा राग जरा उतरला.

तेवढ्यात चारपाच पोरं झेंडे हलवत थेट बसच्या समोर. ड्रायव्हरनं हसत बस बाजूला घेतली. काका म्हणाले, "वर्गणी मागूलालेत. सुट्टे काढा." आम्ही पाकिटं चाचपत उतरलो. पोरांनी आमच्या हातात ताटल्या दिल्या. उकडलेला कंद, वर ओलं खोबरं आणि लालभडक मिरचीची चटणी.

त्याला दन्सल म्हणतात. वेसाकला जागोजागी लोक असे मांडव घालतात आणि येईल त्याला खायला घालतात. कुठं भात-आमटी, कुठं उकडलेले हरभरे, कुठं चक्क आइस्क्रीम. पुढं रांगा लागतात, मोटारीतून येणारेही उतरून रांगेत उभे राहतात. पैसे घेत नाहीत. काकूनं तिथली पाचशेची नोट आधी हातात द्यायला बघितली, मग ताटलीखाली सरकवली. वाढणाऱ्या मुलीनं ती उचलून परत काकूच्या पर्समध्ये घातली. "पैसे घेईनात की ओ!" काकू एवढी कासावीस मी कधी बघितली नव्हती. फुकट जेवायची सवय नाही आम्हाला. बदल्यात द्यायला आणलेला कुंदा तर आम्हीच कँडीच्या घाटात संपवला होता.

कंद कसला म्हणून विचारलं, तर कसावा. म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तोच. काकूनं "मग उपासाला चालतंय" असा निकाल दिला आणि दुसरी ताटली घेतली.

आमच्या गल्लीमागच्या वस्तीत दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मिरवणूक निघते, बायका अशाच पांढऱ्या साड्या नेसतात, खीर वाटतात. घरापासून दोनशे पावलं असेल. मी कधी गेलेले नाही.

काका मात्र ताटली विसरून मांडवावरच्या फलकाकडे बघत होते. सिंहली अक्षरं गोल, लांबून अगदी कन्नडसारखी. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, काका तिच्यात न चुकता जातात. कन्नड येतं, पण "जमिनीच्या उताऱ्यासाठी शिकलो, हौसेनं नव्हे" हे सांगितल्याशिवाय एक ओळ वाचत नाहीत. ते आता बोट नाचवत होते, "ह्यो 'न' असणार बघ." मुलीनं मान डोलावली. एवढं एकच अक्षर जुळलं, बाकी सगळी चुकली. मग तिनं इंग्रजीत फोड करून सांगितली. दन् म्हणजे दान, सल म्हणजे शाला. विहाराला पन्सल म्हणतात, तीही पर्णशाळाच. आकडे मोजून दाखवले. एक, देक, तुन, हतर, पह. अक्षर बघावं तर कानडी वळणाचं, ऐकावं तर मराठीच्या चुलत घरातलं! काका खुळ्यासारखे हसले. "आमचंच गाव की हे."

फलकावर खाली तमिळ आणि इंग्रजीही होतं. गाईड हळू आवाजात म्हणाला, पूर्वी असं नव्हतं, १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा आला, त्यातून फार वाईट झालं. १९५६ ऐकून काकांनी माझ्याकडे बघितलं. त्याच साली आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं.

मुलीनं विचारलं, इंडियात कुठलं गाव? "बेळगाव," काका म्हणाले. तिला माहीत नव्हतं. कुठल्या राज्यात?

काकांनी कंदाचा केवढा तरी तुकडा तोंडात घातला आणि चटणीकडे बोट दाखवलं.