बाबांची पंच्याहत्तरी आणि चीज खाली असलेला पिझ्झा

आई-बाबा मिरजेहून आलेत तीन महिन्यांसाठी आणि गेल्या शनिवारी बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. आम्ही आधी हॉल बघत होतो, केटरर बघत होतो, तर बाबांनी स्पष्ट सांगितलं की हॉल नको, माईक नको, भाषणं तर नकोच, सकाळी घरी औक्षण करा आणि मग सगळे मिळून कुठंतरी बाहेर जेवायला जाऊ, तुम्ही नेहमी जिथं जाता तिथंच. आता आम्ही नेहमी जिथं जातो ते म्हणजे लू मालनाटीज, शिकागोला लागून असलेल्या लिंकनवूडचं, म्हणजे त्यांचं सगळ्यात पहिलं. शिकागोत राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, हे डीप डिश, म्हणजे खोल पॅनमध्ये भाजलेल्या जाड पिझ्झाचं ठिकाण आहे, १७ मार्च १९७१ ला सुरू झालेलं. तारीख लक्षात राहिलीये कारण त्यामागची गोष्ट मला फार आवडते. त्या दिवशी सेंट पॅट्रिक्स डे होता, म्हणजे आयरिश लोकांचा सण, आजूबाजूला वस्ती ज्यू लोकांची, आणि सुरू काय करतायत तर इटालियन पिझ्झाचं दुकान! पुढं सातच वर्षांत, १९७८ ला, लू मालनाटी कॅन्सरनं गेले आणि त्यांची बायको जीन आणि दोन मुलं यांनी ते चालू ठेवलं, वाढवलं. आज कितीतरी शाखा आहेत पण आम्हाला हीच आवडते.

अजून एक कारण म्हणजे डेव्हन अ‍ॅव्हेन्यू इथून गाडीनं दहा मिनिटांवर. डेव्हन म्हणजे आपली देशी बाजारपेठ, पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ ला तिथंच निघालं. त्यामुळं आमचा ठरलेला कार्यक्रम असतो, आधी डेव्हनला जाऊन किराणा, मग पिझ्झा. या वेळी मे महिना, त्यामुळं केशर आंब्याच्या दोन पेट्या घेतल्या. बाबांनी प्रत्येक पेटी उघडून वास घेऊन बघितली, दुकानातल्या पोराला गुजराती मिश्रित हिंदीत चार प्रश्न विचारले आणि मग कुठं पेट्या गाडीत आल्या. पूर्ण रस्ताभर गाडीत आंब्याचा घमघमाट.

आम्ही एकूण चौदा जण. आम्ही चौघं, आई-बाबा, इंडियानापोलिसहून आलेले दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, आणि आमच्या जुन्या ग्रुपमधलं एक कुटुंब, तेही चौघं. सगळ्यात लहान अडीच वर्षांचं, सगळ्यात मोठे बाबा. असल्या ग्रुपला बाहेर जेवायला नेणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. कोणाला तिखट नको, कोणाला कांदा नको, छोट्याला हाय चेअर पाहिजे, आईला एसीच्या झोतात बसायचं नाही, बाबा शनिवार पाळतात म्हणून एरवी मटण खाणारा माणूस त्या दिवशी पूर्ण शाकाहारी. एकदा अशाच मोठ्या ग्रुपला घेऊन एका चकचकीत ठिकाणी गेलो होतो (नाव नको), तिथं पोरांनी जरा आवाज केला की शेजारची टेबलं वळून बघत होती आणि आई सगळा वेळ अवघडून बसली होती. इथं भिंतींवर खेळाडूंचे फोटो, जर्सी, सगळीकडं पोरंटोरं, आजी-आजोबा, मॅचवरून आलेल्या आख्ख्या टीम्स, कोणीच हळू बोलत नाही. आई आत येऊन दोन मिनिटांत म्हणाली, "हे बरंय गं, लग्नघरासारखं वाटतंय."

थांबावं लागतं, हे आधीच मान्य करून जायचं. शनिवारी संध्याकाळी टेबल मिळायला वेळ लागतो, पण टेबलाची वाट बघतानाच पिझ्झाची ऑर्डर घेतात, कारण डीप डिश भाजायलाच अर्धा-पाऊण तास जातो. तर आम्ही उभ्या उभ्या ऑर्डर दिली, दोन लार्ज 'द लू', म्हणजे पालक, मशरूम आणि वर टोमॅटोच्या चकत्या, एक लार्ज शिकागो क्लासिक सॉसेजवाला दीर आणि मोठ्या पोरांसाठी, आणि एक मीडियम साधा चीजचा बारक्यांसाठी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भुकेच्या भरात जास्त मागवू नका, मोठ्या माणसाला दोन तुकडे म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि शाकाहारी असाल तर त्यांच्या मालनाटी सॅलडमध्ये मांस असतं, ते आधीच सांगून काढायला लावा, आम्ही लावलं.

मला खरं सांगायचंय ते या पाऊण तासाबद्दल. आमची पोरं घरी आजोबांशी बोलतात, नाही असं नाही, पण दहा मिनिटं झाली की कोणाला क्लास, कोणाला गेम. इथं टेबलावर बसलो, पाणी आलं, क्रेयॉन आले आणि पुढं करायला काहीच नाही. थोरल्यानं सहज विचारलं, आजोबा, तुम्ही पहिल्यांदा हॉटेलात कधी खाल्लं? आणि बाबा सुरू झाले. मिरज जंक्शनवर त्यांच्या वडिलांची नोकरी, दहावी पास झाल्यावर वडिलांनी स्टेशनबाहेर नेऊन खाऊ घातलेला मसाला डोसा, तो कसा खायचा हे माहीत नव्हतं म्हणून शेजारच्या टेबलावर बघून बघून खाल्ला, आणि त्यांच्या वडिलांनी स्वतः फक्त चहा घेतला होता कारण पैसे एकाच डोशाचे होते. ही गोष्ट मी सुद्धा पहिल्यांदा ऐकली, त्रेचाळीस वर्षांत. जाऊबाईंची मुलगी, जी मराठी समजते पण बोलायला लाजते, तिनं मराठीत विचारलं, "मग तुम्ही त्यांना दिला का थोडा?" बाबा म्हणाले, दिला की, शेवटचा घास दिला. टेबलावर जरा वेळ कोणी काही बोललं नाही.

मग पिझ्झे आले. काळेभोर पॅन, आईच्या लोखंडी तव्यासारखे, आणि वाढणारी मुलगी प्रत्येकाच्या ताटलीत पहिला तुकडा स्वतः काढून ठेवते, चीजची लांबच लांब तार ओढत. आईनं लगेच पोरांना दटावलं, "थांबा रे, सगळ्यांना वाढून होऊ दे." आणि चौदाच्या चौदा ताटल्या भरेपर्यंत खरंच सगळे थांबले, अगदी पंगतीत थांबतात तसे, ती मुलगी पण हसली.

बाबा काट्यानं वरचा टोमॅटो हलवून बघत होते, म्हणाले चीज कुठाय? मी सांगितलं खाली आहे. डीप डिशमध्ये कणकेवर आधी चीज, मग बाकीचं सारण आणि टोमॅटो सगळ्यात वर, कारण इतका वेळ भट्टीत राहायचं तर वरचं चीज करपून जाईल. शिकागोत हा प्रकार १९४३ ला पिझ्झेरिया उनोमध्ये सुरू झाला, पहिल्यांदा नक्की कोणी केला यावर अजून वाद आहेत, लूचे वडील रूडी तिथंच कामाला होते. बाबांना ते चीजचं कारण फारच पटलं. आईचं लक्ष मात्र कडेकडं होतं. तिनं कड मोडली, बोटांनी चुरून बघितली आणि निकाल दिला, "मोहन भरपूर घातलंय. शंकरपाळ्यासारखं. म्हणून खुसखुशीत आहे." इथले लोक त्याला बटरक्रस्ट म्हणतात, पण मला इतक्या वर्षांत जे नीट सांगता आलं नव्हतं ते आईनं एका शब्दात सांगितलं. पालकाबद्दल म्हणाली लसूण छान लागतोय, भाजीसारखा आहे, पोटाला बरा. तिनं दोन तुकडे खाल्ले, जी बाई बाहेर गेल्यावर अर्धी पोळी चिवडत बसते!

शेवटी चॉकलेट चिप पिझ्झा, म्हणजे पॅनमध्ये भाजलेली मोठी गरम कुकी आणि वर आईस्क्रीम. केक आणला नव्हताच, त्यामुळं तोच बाबांपुढं ठेवला आणि पोरांनी हॅपी बर्थडे म्हटलं, शेजारच्या दोन टेबलांनी पण आवाज मिसळला. बाबांना ओळखणारं त्यात कोणीच नव्हतं. बाबा उभं राहून सगळ्यांना नमस्कार करत होते.

उरलेले पाच तुकडे डब्यात घालून घरी आणले. सकाळी मी मायक्रोवेव्ह उघडायच्या आधीच आईनं तवा ठेवला होता, बारीक गॅस, वर झाकण, दहा मिनिटं, आणि खालची कड परत कालच्यासारखी कुरकुरीत. बाबा एका हातात तो तुकडा, समोर चहा, शेजारी कापलेला आंबा, असे बसून मिरजेला त्यांच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते, "अरे चीज खाली असतं याच्यात, खाली! थांब, कारण सांगतो."