स्वतः घेतलीत, मग आम्हाला का नको म्हणता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. ‘लेकीच्या वाढदिवसाला दुर्बीण घ्यायचीय, कुठली घेऊ?’ असा फोन अधूनमधून येतोच. मी म्हणतो, आत्ता नको. की लगेच, ‘स्वतःच्या गच्चीवर आहे, आणि आम्हाला नको?’ हा सूर मला लागतो. माझ्या दुर्बिणीला डोळा लावायला मी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नाही.

माझी 114 मिलिमीटर आरशाची, 900 मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर. खोक्यावर ‘675 पट’ असं ठळक छापलं होतं. 4 मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवलं की 900 भागिले 4, म्हणजे 225 पट. वर तिप्पट करणारं बार्लो भिंग चढवलं की झाले 675. गणित चोख आहे. पण एवढ्याशा आरशाला सव्वादोनशेच्या पुढे झेपत नाही, नुसतं मोठं आणि धुरकट दिसतं. हे मी वाचलं होतं. तरीही.

21 डिसेंबर 2020. गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम अंशाच्या दहाव्या भागावर. आईला चार दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं, दोघं एकदम दाखवतो, शनीच्या कड्यांसकट. तिचे गुडघे दुखतात. तीन जिने, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत ती वर आली. साताऱ्याची डिसेंबरातली संध्याकाळ. शाल, कानटोपी, प्लॅस्टिकची खुर्ची.

नुसत्या डोळ्यांनी दोघं नैऋत्येला स्वच्छ दिसत होते. दुर्बिणीत काळोख. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरून मुख्य नळीशी जुळवून घ्यायचा असतो. मी तो जुळवलाच नव्हता. फाइंडरच्या फुलीवर गुरू, नळी भलतीकडेच. आयपीस 20 चं लावायचं सोडून 4 चं लावलेलं, कारण आईला मोठं दाखवायचं होतं. इतक्या पटीला आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो की सापडलेला ग्रहही पाऊण मिनिटात निसटतो. त्यात स्टँड विषुववृत्तीय, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर, त्यामुळे स्टँडचा अक्ष जवळजवळ आडवा करावा लागतो आणि तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. तिपाई सरकवली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा काहीतरी पिवळं सर्रकन गेलं. ‘आई, ये, ये लवकर!’ ती उठून येईपर्यंत काळोख. तरी तिने डोळा लावला आणि मिनिटभर तसाच ठेवला. मग म्हणाली, ‘दिसलं हं.’

तिला काहीही दिसलेलं नव्हतं. थोड्या वेळाने दोघं समोरच्या इमारतीमागे गेले. इतका जवळचा योग आता 2080 साली.

त्या रात्री मी दुकानदाराला, खोक्याला, स्टँडला, सगळ्यांना शिव्या घातल्या. तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, दांडा अडतो यात तुझी काय चूक? खरंय त्याचं. पण फाइंडर? दहा मिनिटांचं काम, आणि अख्खी दुपार मोकळी होती. यावर तो म्हणतो, तेव्हा घेतली नसतीस तर फाइंडर म्हणजे काय हे तरी आज कळलं असतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे तुम्हाला ‘नको’ म्हणताना माझीही पुरती खात्री नसते.

तरी सांगतो. आधी 10 बाय 50 ची (दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या, चंद्राची विवरं आणि कृत्तिका बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, 1944 पासूनची. मुंबईकरांनी खगोल मंडळाबरोबर वांगणीला आकाशदर्शनाची एक रात्र काढावी. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनी केवढासा दिसतो ते लेकीला बघू द्या. तेवढ्यावर ती नाचली, तर डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण घ्या: वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, बस्स. फाइंडर मात्र दुपारीच जुळवा.

आई त्यानंतर गच्चीवर आली नाही. गुरू दिसत असला की मी वहीत त्याचे चंद्र काढून खाली नेतो. मधे गोल, बाजूला टिंबं. परवा तिने चष्मा लावून दोन पानं शेजारी धरली. ‘काल चार होते, आज तीनच?’

‘एक गुरूच्या मागे गेलाय.’

‘मग उद्या बघून सांग, कुठल्या बाजूने निघतो ते.’