गंगेवर शार्क नाही

दुपारी जेवून आडवं व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाच्यानं अमेरिकेतून पाठवलेला फोटो दिसला. तळहातावर नखाएवढा काळा कुळकुळीत त्रिकोण. खाली ओळ : ‘मामा, शार्कचा दात! कोटभर वर्षं तरी जुना. आणि फुकट!’ त्या ‘फुकट’मुळे मुलगा अजून नाशिकचाच आहे याची खात्री पटली.

मग कसली झोप. मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या काठी कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे कडे आहेत. थरावर थर, कधीकाळच्या उथळ समुद्राचा तळ. लाटा पायथा खातात, कडा ढासळतो, दात वाळूत येऊन पडतात. तिथल्या उद्यानात कड्याखाली जायला मनाई आहे, दरडीची भीती. आपण किनाऱ्यावर चाळणी घेऊन वाळू चाळायची, नाहीतर मान खाली घालून नुसतं चालायचं.

मान खाली घालून चालायला मला अमेरिकेला जावं लागत नाही. ही माझी जुनी खोड. ‘काही हरवलंय का?’ असं अनोळखी माणसंसुद्धा विचारतात. लहानपणी सोमेश्वरला, गंगापूरकडे सायकली दामटायच्या त्या गंगेतल्या गोट्यांसाठीच. (नाशिककर गोदावरी म्हणतो ते फक्त भाषणात.) पांढऱ्या गारगोट्या चड्डीच्या खिशात भरून आणायच्या आणि रात्री पंचवटीतल्या वाड्यात, सगळ्या भावंडांनी एका गोधडीत शिरून, एकमेकींवर घासायच्या. अंधारात आतून पिवळट उजेड फुटायचा. जळकट वास यायचा. तो वास नंतर कुठेच मिळाला नाही. आमची खुसपुस वाढली की पलीकडून आजी ओरडायची. कवळी वाटीत काढून ठेवलेली असल्यामुळे तिचं ‘झोपा रे मेल्यांनो’ बोळक्या तोंडातून असं काही यायचं, की झोप आणखीच उडायची.

दातांच्या बाबतीत शार्क मोठा भाग्यवान. त्याचा सांगाडा कूर्चेचा, सहसा टिकत नाही. पण दात जन्मभर पडतात नि जन्मभर नवे येतात, एकेकाचे हजारोंनी. आपल्याला बदली खेळाडू एकदाच. आमचे दुधाचे दात आम्ही वाड्याच्या कौलांवर फेकले होते. आता तिथे पार्किंगसह सात मजले उभे आहेत.

युरोपात हे दात म्हणजे दगड झालेल्या सापांच्या जिभा, अशी समजूत होती. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक अजस्र शार्क सापडला आणि त्याचं मुंडकं निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञापुढे आलं. त्यानं ते चिरलं आणि ओळखलं, जिभा कसल्या, हे तर दात! मग समुद्रातला दात डोंगरात गेला कसा, याच्या मागे लागून १६६९ मध्ये त्यानं मांडलं की खालचा थर जुना, वरचा नवा. आज हे कुणीही सांगेल. पण तोवर नियम म्हणून असं नेमकं कुणी मांडलं नव्हतं.

थर आमच्याकडेही आहेत. अंजनेरी बघा, ब्रह्मगिरी बघा. पावसाळ्यात हिरव्यातून काळे पट्टे नुसते मोजत बसावेत. पण ते लाव्ह्याचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. उकळत्या दगडात कोण दात ठेवून जाणार? त्यातल्या पोकळ्यांत स्फटिक तेवढे सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघताना मी गप्प झालो होतो, हे बायको अजून चारचौघांत सांगते. शार्कच हवा तर नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाग गावाकडे जायला हवं. लाव्ह्याच्या आधी तिथवर समुद्र शिरला होता आणि तिथल्या खडकांत शार्कचे दात मिळालेत. भाच्याला हे कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

तरी गंगेनं काहीच जपलं नाही असं कसं म्हणू? गंगापूरजवळ काठच्या गोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातली हत्यारं सापडली. म्हणजे आम्ही पोरं ज्या गोट्यांवरून घसरत होतो, त्यांत कुणाची तरी कुऱ्हाड असणार. खाली नांदूर मध्यमेश्वरकडे नदीच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, पिलग्रिम नावाच्या भूशास्त्रज्ञानं त्यावर १९०५ साली लिहिलं. आणि त्याच नदीवर, रामकुंडात, अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. त्यासाठी लोक कुठून कुठून येतात. आपलं माणूस असं काही न उरता जावं, यासाठी एवढा प्रवास करतात.

आजीच्या अस्थी आम्हीही तिथेच सोडल्या. काकानं तिची कवळी रुमालात बांधून आणली होती, तीही सोडू म्हणाला. आत्यानं त्याचा हात धरला.

‘नको रे. ती नाही विरघळायची.’