मोत्याची राखण

कोळशासारख्या काळ्या पिल्लाचे नाव ज्या घराने मोत्या ठेवले, त्या घराला त्याच्या तर्कशास्त्राविषयी तक्रार करण्याचा अधिकार फारसा उरत नाही. भुवयांच्या जागी दोन पिवळसर ठिपके असलेले हे गावठी कुत्रे आमच्याकडे आले ते चैत्रात, म्हणजे ऐन वाळवणांच्या धामधुमीत. आई गहू तीन दिवस भिजत घालते, रोज पाणी बदलते, वाटून चीक काढते आणि पहाटे तो शिजवून, ऊन चढायच्या आत, गच्चीत पसरलेल्या जुन्या सुती साडीवर कुरडया घालते. इथवर सगळे सुरळीत असते. त्यानंतर काठी घेऊन दिवसभर कावळे हाकत कोणी बसायचे, यावरून मात्र दरवर्षी वाद होत असे. त्या वर्षी कठड्यावर उतरलेल्या कावळ्यावर मोत्या आपणहून भुंकला, कावळा उडाला आणि आईने कौतुकाने त्याला चिकाचा एक गोळा भरवला. त्या गोळ्याने त्याच्या आयुष्याला ध्येय दिले.

नेमणुकीच्या तिसऱ्याच दिवशी एक धीट कावळा थेट साडीच्या मधोमध उतरला. कडेने वळसा घालून जावे, असे मोत्याला कोणी सांगितले नव्हते आणि प्रसंगही वळसे घेण्याचा नव्हता. कावळ्याने फार तर एक कुरडई नेली असती. ती वाचवता वाचवता मोत्याने साठेक गारद केल्या. अर्धवट वाळलेल्या कुरडया चारही पायांना चिकटलेल्या, साडीचा पदर मागे लोळत येत असलेला, अशा थाटात तो जिना उतरला आणि गोळ्यासाठी आईसमोर बसला. आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. परंतु कावळा उडाला होता, हे तीही नाकारू शकली नाही.

कावळे त्याच्यापेक्षा लवकर शिकले. एकाने मागून शेपटी ओढायची आणि मोत्या गर्रकन वळला की दुसऱ्याने साबुदाण्याची पापडी उचलायची, ही कामाची वाटणी त्यांनी वैशाखातच बसवली. मोत्यानेही त्यावर तोड काढली. तो भुंकणे सोडून पाण्याच्या टाकीमागे दबा धरू लागला. वाळवणे डब्यांत गेली, पाऊस सुरू झाला, तरी ही पहारेदारी थांबली नाही. राखण संपल्याचे त्याला कोणीच कळवले नव्हते. ते कसे कळवायचे, हे मला आजही ठाऊक नाही.

भाद्रपद वद्यात आजोबांची तिथी आली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असे पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून आम्ही आठ जण उन्हात हात जोडून उभे राहिलो. समोरच्या आंब्यावर सात-आठ कावळे बसले होते. पानाकडे पाहत होते, पण उतरायला एकही तयार नव्हता. अण्णांची काही इच्छा राहिली असावी, असे कोणीतरी पुटपुटले. आईने त्यांची जपमाळ नीट सांभाळण्याचे कबूल केले. मी सिगारेट सोडण्याचे कबूल केले, त्यामुळे मी ती ओढतो हे आईला तिथेच कळले. कावळे हलेनात. अखेर काकांनी घसा साफ केला आणि विहिरीच्या पाळीवरून बाबांशी चाललेला जुना वाद मिटवून निम्मे पाणी देण्याचे वचन दिले.

तत्क्षणी एक कावळा झेपावला. त्याची चोच वड्याला लागणार, एवढ्यात टाकीमागून मोत्या सुटला. कावळा आंब्यावर परतला, केळीचे पान शेजारच्या अंगणात गेले आणि वडा मोत्याच्या तोंडात राहिला. ऋग्वेदात यमाच्या कुत्र्यांना चार डोळ्यांचे म्हटले आहे, हे काकांना नेमके तेव्हाच आठवले; मोत्याच्या ठिपक्यांकडे ते बराच वेळ संशयाने पाहत राहिले. श्राद्धात कावळ्याप्रमाणे कुत्र्याचाही घास काढतात, तेव्हा हे पोहोचले असे धरायला हरकत नाही, असा निर्वाळा आईने दिला. मोत्या तिच्यापुढे बसून गोळ्याची वाट पाहत होता.

आठ जणांनी ऐकलेला शब्द काकांना फिरवता आला नाही. विहिरीचे पाणी तेव्हापासून निम्मे-निम्मे वाटले जाते. यंदा तिथीच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला आणि खुशाली न विचारताच ते म्हणाले, "वहिनी, मोत्याला आधी बांधा. मगच मी निघतो."